शोधयंत्राची उभारणी आणि मराठी शब्दांची सूची

विषयप्रवेश

प्रत्येक शाळेच्या कपाटात परिपत्रकांच्या फायली वर्षानुवर्षे साठत जातात. शिष्यवृत्तीचे अर्ज कोणत्या तारखेपर्यंत पाठवावयाचे, स्थलांतरित पालकांच्या मुलास दाखल्यावाचून वर्गात बसू द्यावयाचे किंवा नाही, पोषण आहाराचे धान्य कमी भरल्यास नोंद कोणत्या वहीत घ्यावयाची, ह्या प्रश्नांची उत्तरे त्या फायलींत कोठेतरी असतात. परंतु उत्तर कोठेतरी असणे आणि वेळेवर हाती लागणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे. आता बहुतेक परिपत्रके संगणकावर येतात. म्हणून ती एका ठिकाणी साठवून त्यांतून हवे ते शोधून देणारे यंत्र केंद्रशाळेत अगर तालुक्याच्या गावी उभारता येईल काय, असा विचार शिक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तसे उभारता येते, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. ते कसे उभारावे हा ह्या पाठाचा विषय होय.

मात्र आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कपाटात फाईल सापडली नाही तर मनुष्य आपल्या शोधण्यास दोष देतो व पुन्हा एकदा पाहतो. यंत्राने मात्र "एकही निकाल नाही" असे दाखविले, की तसा आदेशच निघालेला नाही अशी त्याची खात्री होते. मग दाराशी आलेल्या पालकास तेच सांगितले जाते आणि तो परत जातो. यंत्राच्या शून्याला असा मान मिळत असल्यामुळे, ते शून्य खरे आहे किंवा नाही हे तपासल्याशिवाय उभारणी पुरी झाली असे म्हणता येणार नाही. संगणकावर सॉफ्टवेअर बसविण्यास एक दुपार पुरते. मराठी शब्द सापडण्याजोगे करण्यास त्याहून अधिक काळ लागतो आणि त्या कामी संगणकतज्ज्ञापेक्षा व्याकरण शिकविणारा शिक्षक अधिक उपयोगी पडतो.

सूची म्हणजे काय

शोधयंत्र प्रत्येक प्रश्नाच्या वेळी सर्व कागद पहिल्यापासून वाचीत नाही. ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते व तीत शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात, तशी सूची ते अगोदरच करून ठेवते. कागदात कोणते शब्द आहेत हे वाचणाऱ्यास दिसतच असते. शब्द कोणकोणत्या कागदांत आहे हे सूची सांगते. दिशा उलटी झाल्यामुळे हिला उलटी सूची म्हणतात.

ही गोष्ट चौथीच्या वर्गातही फळ्यावर करून दाखविता येते. फळ्यावर तीन वाक्ये लिहावी. पहिले, "शाळेत मुले जमली." दुसरे, "मुलांनी झाडे लावली." तिसरे, "झाडांमुळे शाळा सुंदर दिसते." मग मुलांकडून एकेक शब्द सांगून घ्यावा व त्यापुढे वाक्याचा क्रमांक मांडावा. शाळेत, पुढे १. मुले, पुढे १. मुलांनी, पुढे २. झाडे, पुढे २. झाडांमुळे, पुढे ३. शाळा, पुढे ३. सर्व शब्द झाल्यावर वाक्ये पुसून टाकावी आणि केवळ सूची पाहून विचारावे, "शाळा हा शब्द कोणत्या वाक्यात आहे?" मुले तत्काळ "तिसऱ्या" असे उत्तर देतील. एखादा चलाख विद्यार्थी "पहिल्यात पण आहे, गुरुजी" असे म्हणेल. त्याला मराठी येते म्हणून त्याला हे कळते. यंत्राला मराठी येत नाही, त्यामुळे ते वर्गातल्या बाकीच्या मुलांप्रमाणे "तिसऱ्या" एवढेच सांगेल. ह्या तीन वाक्यांत जे घडले तेच तीन हजार परिपत्रकांत घडते आणि तेथे "गुरुजी" म्हणून हात वर करणारा कोणी नसतो.

कोणते यंत्र घ्यावे

मुक्तस्रोत शोधयंत्रे अनेक आहेत. प्रस्तुत पाठात अपाची सोलर हे घेतले आहे. त्याच्या गाभ्याशी लुसीन नावाचा ग्रंथसंच आहे. तो डग कटिंग ह्यांनी १९९९ साली लिहिला व त्यास आपल्या पत्नीचे मधले नाव दिले. लुसीन हा सूची करण्याचे व ती चाळण्याचे काम करतो, परंतु तो स्वतंत्रपणे चालणारा कार्यक्रम नव्हे. त्याच्याभोवती सर्व्हरचा सांगाडा उभारण्याचे काम योनिक सीली ह्यांनी २००४ साली अमेरिकेतील सीनेट ह्या कंपनीत केले. जानेवारी २००६ मध्ये ते काम अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे देण्यात आले. २०१० साली लुसीन व सोलर हे प्रकल्प एकत्र झाले आणि २०२१ साली सोलर पुन्हा स्वतंत्र प्रकल्प झाला. सोलरचा परवाना असा आहे की कोणीही तो घ्यावा, वापरावा, त्यात बदल करावा व पुढे द्यावा. त्याचे सर्व अंतरंग वाचावयास खुले असल्यामुळेच पुढे सांगितलेली मराठीची दुरुस्ती शक्य होते.

सर्व्हर युनिक्स पद्धतीचा असावा. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेल्या युनिक्सची राहणी लिनक्सने उचलली आहे आणि लिनक्सची डेबियन अथवा उबुंटू ही वितरणे विनामूल्य मिळतात. काही हजार परिपत्रकांसाठी मोठे यंत्र लागत नाही. सोलर आरंभी आपल्यासाठी ५१२ मेगाबाइट स्मृती मागतो. त्याशिवाय संगणकाच्या इतर कामासाठी थोडी अधिक असली म्हणजे झाले. कार्यालयातून बाद झालेला परंतु धडधाकट असलेला संगणक ह्या कामी चालू शकतो.

उभारणी

येथे दिलेली आज्ञांची व फोल्डरांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; संगणकावर ती रोमन लघुलिपी अक्षरांतच टंकावयाची असतात.

सोलर हा जावा भाषेत लिहिलेला असल्यामुळे प्रथम जावा असावयास पाहिजे. सोलरच्या ९ व्या मुख्य आवृत्तीस जावाची ११ वी अगर त्यापुढील आवृत्ती लागते. जावाला आवृत्ती विचारणारी आज्ञा द्यावी. उत्तर न आल्यास एपीटी ह्या व्यवस्थेमार्फत ओपनजेडीके बसवून घ्यावे. त्यातील "हेडलेस" नावाचे रूप पुरे आहे, कारण सर्व्हरला पडद्यावर चित्रे काढावयाची नसतात.

त्यानंतर सोलरच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याचे गाठोडे उतरवून घ्यावे. गाठोड्यासोबत एक लांबलचक तपासअंक दिलेला असतो. उतरविलेल्या गाठोड्याचा तपासअंक आपल्या संगणकावर काढून तो दिलेल्या अंकाशी जुळतो किंवा नाही हे पाहावे. हे काम कंटाळवाणे वाटते व पुष्कळजण ते टाळतात. धान्याचे पोते उतरवून घेताना वजन करणाऱ्या मुख्याध्यापकास ह्याचे महत्त्व सांगावयास नको.

गाठोडे सर्व उलगडण्याची घाई करू नये. त्यातून केवळ सेवा बसविणारी लिपी, म्हणजे बिन फोल्डरातील "इन्स्टॉल सोलर सर्व्हिस" ही फाईल, अगोदर बाहेर काढावी आणि सुडो आज्ञेने ती चालवून तिला गाठोड्याचे नाव द्यावे. पुढचे काम ती स्वतः करते. ती सोलर नावाचा एक वापरकर्ता निर्माण करते. कार्यक्रमाच्या फायली ऑप्ट फोल्डरात ठेवते. सूची व इतर बदलता मजकूर वार फोल्डराखालील सोलर ह्या फोल्डरात ठेवते. मांडणीची फाईल ईटीसी फोल्डराखालील डिफॉल्ट ह्या ठिकाणी ठेवते. आणि सेवा सुरू करून देते. कार्यक्रम एकीकडे व साठा दुसरीकडे, ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. पुढे नवी आवृत्ती आली म्हणजे कार्यक्रम बदलतो, साठ्यास धक्का लागत नाही.

सेवा सुरू झाली की तिची स्थिती विचारावी. ती ८९८३ ह्या क्रमांकाच्या द्वारावर ऐकत असते. त्याच संगणकावर न्याहाळक उघडून हे द्वार पाहिल्यास सोलरचे व्यवस्थापन-पृष्ठ दिसते. ९ व्या आवृत्तीपासून सोलर मुळात केवळ स्वतःच्याच संगणकावरून आलेल्या मागण्या ऐकतो, बाहेरच्या ऐकत नाही. ही मर्यादा पुष्कळांना अडचण वाटते व ते मांडणीच्या फाईलमधील एक ओळ बदलून ती काढून टाकतात. तसे करू नये. व्यवस्थापन-पृष्ठावर जो पोचला तो संपूर्ण सूची पुसूनही टाकू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ह्या नोंदी ठेवणाऱ्या ग्रंथसंचात एक मोठे छिद्र आढळले. सोलरच्या तेव्हाच्या अनेक आवृत्त्यांत तोच संच असल्यामुळे उघड्यावर ठेवलेले सर्व्हर धोक्यात आले, आणि ८.११.१ ही दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. शिक्षकांसाठी शोधाचे एक साधे पृष्ठ पुढे ठेवावे व सोलर त्याच्यामागे असावा.

आता सूचीसाठी एक कोठार निर्माण करावयाचे. सोलरच्या भाषेत त्यास कोअर म्हणतात. ते निर्माण करण्याची आज्ञा रूट म्हणून न देता सोलर ह्या वापरकर्त्याच्या नावाने द्यावी. रूटच्या हाताने केलेल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात, आणि मग सोलरला आपल्याच कोठारात लिहिता येत नाही. नवशिक्यांचा अर्धा दिवस बहुधा ह्याच चुकीत जातो.

दुसरी एक चूक अधिक फसवी आहे. मूळ मांडणीत सोलर पहिला कागद पाहून कोणत्या क्षेत्रात काय आहे ह्याचा अंदाज बांधतो. पहिल्या परिपत्रकाचा जावक क्रमांक नुसता अंक असला तर तो त्या क्षेत्रास संख्या समजतो. पुढच्या परिपत्रकाचा क्रमांक तिरकी रेघ व "अ" ह्यांसह आला की तो कागद नाकारतो. यास्तव अंदाज बांधण्याची ही सवय बंद करावी आणि क्षेत्रे आपणच ठरवावी. जावक क्रमांक हा मजकूर, दिनांक हा दिनांक, विषय व मुख्य मजकूर हे मराठी मजकूर. ह्यांपैकी शेवटच्या दोहोंविषयीच खरा विचार करावयाचा आहे.

कागद सूचीत जाण्यापूर्वी

सोलर अक्षरे सूचीत घालतो, चित्रे नव्हे. परिपत्रकाचा छायाचित्रासारखा काढलेला कागद मनुष्यास वाचता येतो, परंतु यंत्रास त्यात एकही अक्षर दिसत नाही. असा कागद अक्षर ओळखणाऱ्या कार्यक्रमाकडून वाचवून घ्यावा आणि त्याने केलेले वाचन निदान विषय व दिनांक ह्यांपुरते मनुष्याने तपासावे.

जुन्या फायलींत आणखी एक अडचण असते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकनासाठी जे टंक वापरीत, त्यांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठविली जात; केवळ पडद्यावर त्यांची आकृती देवनागरी दिसे. कृतिदेव हा अशा टंकांपैकी परिचित टंक होय. असा मजकूर सूचीत घातल्यास तेथे निरर्थक रोमन अक्षरांची रास पडते. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतला पाहिजे. हे न करता हजार फायली भरणारा सर्व्हर "हजार कागद सूचीत आले" असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि त्यांतील एकही मराठी शब्दाने सापडत नाही.

कागद पाठविल्यावर कमिट ही आज्ञा द्यावी. आवकवहीत टपाल नोंदविल्याखेरीज ते आले असे धरीत नाहीत, तसेच हे आहे. कमिटपूर्वी पाठविलेले कागद शोधात दिसले नाहीत म्हणून उभारणी बिघडली असे समजू नये.

मराठी शब्दाची वाट

कागदातील मजकूर सूचीत जाण्यापूर्वी एका साखळीतून जातो. साखळीची पहिली कडी मजकुराचे शब्द पाडते. पुढच्या कड्या प्रत्येक शब्दावर काही संस्कार करतात. शोधणाऱ्याने टंकलेला शब्दही त्याच साखळीतून जातो. दोन्हीकडून आलेले शब्द अखेर एकरूप झाले तरच भेट होते. सोलरच्या ९ व्या आवृत्तीबरोबर मिळणाऱ्या मूळ मांडणीत हिंदीसाठी अशी साखळी तयार आहे. मराठीसाठी नाही.

मग हिंदीचीच साखळी लावावी काय? पुष्कळजण तसे करतात, लिपी एकच आहे म्हणून. तिच्या शेवटच्या कडीचे काम शब्दाचे प्रत्यय तोडून मूळ ठेवणे हे आहे, आणि ते प्रत्यय हिंदीचे आहेत. ती "कविता" ह्या शब्दातील शेवटचा "ता" प्रत्यय समजून तोडते व "कवि" एवढेच ठेवते. "पाटी" ह्या शब्दाचा ईकार काढून ती "पाट" करते, म्हणजे लिहावयाची पाटी आणि बसावयाचा पाट एक होतात. उलट "शाळेत" ह्या शब्दातला "त" तिला ठाऊकच नाही, कारण हिंदीत तेथे "में" हा शब्द सुटा येतो. जेथे तोडू नये तेथे ती तोडते व जेथे तोडावे तेथे थांबते. ती कडी काढून टाकावी.

त्याच साखळीतील दोन कड्या मात्र ठेवण्यासारख्या आहेत. एक भारतीय लिप्यांच्या संकेतांचे एकीकरण करते. कोणी "आ" हे अक्षर एका संकेताने लिहितो, तर कोणाच्या फाईलमध्ये ते "अ" आणि त्यापुढे काना अशा दोन संकेतांनी आलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास ती दोन निराळी अक्षरे वाटतात. ही कडी ती एक करते.

दुसरी कडी ह्रस्वदीर्घाचा भेद मिटविते, हलन्ताची खूण व अदृश्य जोडखुणा गाळते आणि "ऱ" व "र" एक करते. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकास हे प्रथम रुचणार नाही. परंतु सूचीत पडणारे हे रूप कोणास वाचून दाखवावयाचे नसते. मूळ कागद जसाच्या तसा राहतो. "मूल" ह्या शब्दातला दीर्घ ऊकार "मुलांना" ह्यात ह्रस्व होतो, "ऊस" ह्याचे "उसाचा" होते. मराठीच्या ह्या स्वभावामुळे भेद मिटविणे येथे सोयीचेच ठरते. त्याची किंमतही आहे. "दिन" आणि "दीन" एक होतात, "बॉल" आणि "बोल" एक होतात, "मौन" ह्यातील औकाराचा ओकार होतो. दिन शोधणाऱ्यास दीनांविषयीचे एखादे परिपत्रक अधिक आले तर ते बाजूला सारता येते. हवे असलेले न येणे ह्यावर मात्र उपाय नाही.

"शेतकऱ्यांना" ह्या शब्दातील रकाराची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. तो रकार संगणकावर दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत "ऱ" हे स्वतंत्र अक्षर व हलन्त येतो; दुसऱ्या रीतीत साधा "र", हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण येते. कागदावर दोहोंचा छाप एकच. एका कार्यालयाचा कळफलक पहिल्या रीतीने लिहितो, दुसऱ्याचा दुसऱ्या रीतीने, आणि "विद्यार्थ्यांना" हा शब्द सापडूनही "कर्मचाऱ्यांना" सापडत नाही ह्याचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. वर सांगितलेली कडी अखेर हा भेद मिटवितेच. तरी शब्द पाडण्यापूर्वीच दुसरी रीत बदलून पहिली करणारी एक छोटी नियमफाईल साखळीच्या आरंभी ठेवावी. कारण पुढे येणाऱ्या शब्दयादीत मग प्रत्येक शब्द एकदाच लिहावा लागतो.

अंकांचेही असेच आहे. "जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१" हे नाव कोठे देवनागरी अंकांनी छापलेले असते, कोठे इंग्रजी अंकांनी. सर्व लिप्यांतील अंक एकरूप करणारी कडी सोलरमध्ये आहे. ती साखळीत घालावी.

सामान्यरूपाची यादी

आता उरला तो मुख्य प्रश्न. नामास विभक्तिप्रत्यय अगर शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, हे व्याकरणाच्या तासाला शिकविले जाते. शाळा ह्याचे शाळे, अनेकवचनी शाळां; विद्यार्थी ह्याचे विद्यार्थ्या; पाऊस ह्याचे पावसा; माणूस ह्याचे माणसा. आणि मराठीत शब्दयोगी अव्यय नामास जोडूनच लिहावयाचे असल्यामुळे एका "शाळा" शब्दाचे शाळेत, शाळेला, शाळेचा, शाळेतील, शाळेसाठी, शाळेपासून, शाळांमध्ये असे कितीतरी शब्द यंत्राच्या दृष्टीने होतात.

एक सोपा मार्ग पुष्कळदा सुचविला जातो. तो म्हणजे "शाळ" एवढेच लिहून पुढे तारकाचिन्ह द्यावे. त्याने आरंभ होणारे सर्व शब्द येतात. ह्या मार्गाने शाळेबरोबर शाळूही येतो, हा दोष क्षम्य आहे. परंतु "पाऊस" शोधणाऱ्यास "पावसात" मिळत नाही आणि "माणूस" शोधणाऱ्यास "माणसांना" मिळत नाही, कारण तेथे शब्दाचे अंगच बदलते. शिवाय कोठे किती अक्षरे लिहून तारका द्यावी हे शोधणाऱ्याने ठरवावयाचे, म्हणजे यंत्राचे काम त्याच्या गळ्यात घालावयाचे.

त्यापेक्षा काम दोन भागांत करावे. लांब शब्दयोगी अव्यये, जसे साठी, पासून, पर्यंत, मध्ये, प्रमाणे, विषयी, ही शब्दाच्या शेवटी आली असता तोडणारी एक कडी नमुन्याच्या नियमाने करता येते. त्यात एक अट घालावी, की अव्ययापूर्वी निदान दोन अक्षरे असली पाहिजेत. नाहीतर "साठी" हा वयाचा शब्द नाहीसाच होईल. "वर" हे अव्यय ह्या नियमात घालू नये. घरावर हा शब्द सुटेल खरा, परंतु सरोवर मोडेल. त, ला, ने, चा हे आखूड प्रत्यय तर मुळीच घालू नयेत. गणित, भात, किल्ला, वाचा हे शब्द डोळ्यांपुढे आणले म्हणजे कारण कळते.

दुसरा भाग यादीचा. सोलरमध्ये समानार्थी शब्दांची यादी वाचणारी कडी असते. तिचा उपयोग येथे सामान्यरूपासाठी करावयाचा. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीवर डावीकडे रूपे, मध्ये समान-चिन्ह व बाणाचे टोक, आणि उजवीकडे मूळ शब्द. शाळे, शाळां, शाळेत, शाळेला, शाळेचा, शाळेची, शाळेचे, शाळेच्या, शाळेतील, आणि उजवीकडे शाळा. ही कडी ह्रस्वदीर्घ मिटविणाऱ्या कडीच्या अगोदर ठेवावी, म्हणजे यादीत शब्द शुद्ध लिहिता येतात. उलट क्रम लावल्यास यादीतील शब्द आलेल्या शब्दांशी जुळत नाहीत, आणि कोठे चूक आहे हेही यंत्र सांगत नाही.

सर्व मराठी शब्दांची यादी करण्याची गरज नाही. परिपत्रकांची भाषा मर्यादित असते. शाळा, वर्ग, विद्यार्थी, विद्यार्थिनी, शिक्षक, शिक्षिका, पालक, मुख्याध्यापक, शिष्यवृत्ती, वसतिगृह, दाखला, रजा, बदली, वेतन, निवृत्तिवेतन, आहार, धान्य, गणवेश, अपंगत्व, अनुदान अशा दोन-तीनशे नामांनी पुष्कळ भागते. केंद्रातील शिक्षकांनी पन्नास-पन्नास शब्द वाटून घेतले तर दोन बैठकांत यादी होते. सातवीच्या विद्यार्थ्यांकडून सामान्यरूपाचा सराव म्हणून ती करून घेता येईल, मात्र फाईलमध्ये जाण्यापूर्वी ती शिक्षकाने तपासावी. एखाद्या ओळीत "रजा" ह्याचे सामान्यरूप चुकून "राजा" ह्यापुढे गेले तर रजेची सर्व परिपत्रके राजाच्या नावे लागतील.

सामान्य शब्द गाळण्याची एक कडी असते. तीत आहे, आणि, हा, ही, हे असे शब्द देतात. परिपत्रकांसाठी ती लावू नये हे बरे. त्या यादीत "नाही" हा शब्द सहज जातो, आणि "दाखला आवश्यक नाही" हे शब्द ह्याच क्रमाने शोधणाऱ्यास तो दाखला आवश्यक असल्याची परिपत्रके दिसू लागतात. असे शब्द सूचीत राहिले तरी निकालांचा क्रम फारसा बिघडत नाही. जो शब्द थोड्या कागदांत येतो त्यास अधिक वजन आणि जो सर्वत्र येतो त्यास कमी, हे तत्त्व केंब्रिज येथील कॅरन स्पार्क जोन्स ह्यांनी १९७२ साली मांडले. बीएम २५ ह्या नावाच्या ज्या सूत्राने सोलर २०१६ च्या ६ व्या आवृत्तीपासून मुळातच क्रम लावतो, त्यातही ते तत्त्व आहे. "आहे" हा शब्द सर्व कागदांत असल्यामुळे त्याचे वजन आपोआपच नगण्य होते.

कसोटी

व्यवस्थापन-पृष्ठावर विश्लेषण नावाचा एक भाग आहे. तेथे एका चौकटीत कागदातील शब्द व दुसऱ्या चौकटीत शोधावयाचा शब्द लिहिला असता प्रत्येक कडीतून तो कसा बदलत गेला हे ओळीने दिसते. "शाळांमध्ये" लिहून पाहावे. अव्यय तुटून "शाळां" राहिले, यादीतून "शाळा" झाले, आणि दुसऱ्या चौकटीतील "शाळा" ह्याशी ते जुळले, असे दिसले म्हणजे ती कडी बरोबर बसली. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावे तसेच हे पृष्ठ आहे. अभ्यासवर्गात ते मोठ्या पडद्यावर दाखविण्यास हरकत नाही.

शेवटची कसोटी प्रत्यक्ष कागदांवर घ्यावी. कपाटातील फायलींतून कोणतीही वीस परिपत्रके काढावी. प्रत्येकातून एक असा शब्द निवडावा की जो मजकुरात प्रत्ययासह आला आहे, व तो शब्द मूळ रूपात टंकून शोधावा. कोणते परिपत्रक यावयास पाहिजे हे अगोदर कागदावर लिहून ठेवावे. नाहीतर जे आले तेच बरोबर वाटू लागते. वीसपैकी जी आली नाहीत त्यांचा माग विश्लेषणाच्या पृष्ठावर काढावा. बहुधा यादीत शब्द नसतो, किंवा फाईल जुन्या टंकातली निघते, किंवा तो कागद चित्ररूप असतो. शोधाच्या पृष्ठावर निकाल शून्य आल्यास "आदेश नाही" असे शब्द न घालता "ह्या शब्दाने सापडले नाही, दुसऱ्या शब्दाने पाहावे अथवा मूळ फाईल पाहावी" असे वाक्य घालावे.

यादीत शब्द वाढविला की कोठार पुन्हा उघडावयास लावावे लागते, आणि पूर्वी सूचीत गेलेले कागद पुन्हा पाठवावे लागतात. कारण ते जुन्या साखळीतून गेलेले असतात. म्हणून मूळ फायली एका फोल्डरात जशाच्या तशा जपून ठेवाव्या, सूची हाच साठा असे समजू नये. काही हजार परिपत्रके पुन्हा पाठविण्याचे काम सकाळची शाळा सुटल्यावर शनिवारी दुपारी करता येते. शब्दयादीची एक प्रत सर्व्हरबाहेर ठेवावी, आणि तीत नवा शब्द कोणी, केव्हा व कोणत्या परिपत्रकावरून घातला हे शेजारच्या वहीत लिहावे.